चूक नसताना आलेलं चलन: भरून मोकळं व्हावं की भांडावं?

इंदिरानगरवाला: परवा ई-चलनाचा मेसेज आला. नाशिकचा कॉलेज रोड, नो पार्किंग, ५०० रुपये. आमची पांढरी अ‍ॅक्टिव्हा त्या दिवशी घराखाली पंक्चर होऊन उभी! सरकारी साइटवर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकून फोटो उघडला, तर काळी स्प्लेंडर. प्लेटवरच्या इंग्रजी तीनच्या उघड्या बाजूला चिखल बसलाय, म्हणून त्याचा आठ झाला आणि आठ आमचा. बायको म्हणते, पाचशेच तर आहेत, भरून टाका. मी का भरू?

सातपूर_शिफ्ट: वहिनी बरोबर बोलतात. एक खाडा पडला तर माझे त्याहून जास्त जातात. शिवाय थकीत चलन दिसलं की नाकाबंदीत गाडी बाजूला घेतात, पोरं मागे बसलेली असतात. तत्त्व वगैरे पगारी रजावाल्यांना परवडतं.

काळा_कोट: दादा, पाचशे दिसतात तेवढेच नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये पहिल्या गुन्ह्याला ५००, त्याच कलमाखाली पुन्हा सापडलात तर १५०० पर्यंत. आज दुसऱ्याचं चलन भरलंत, की पहिला गुन्हा तुमच्या नावावर. उद्या खरंच चुकून गाडी लावलीत तर? वाहतूक पोलिसांच्या अ‍ॅपवर तक्रारीचा पर्याय आहे. आरसी आणि गाडीचा पुढून-मागून फोटो जोडा. गाडीचा प्रकारच वेगळा आहे, याहून सोपी केस नसते.

पंचवटीचे_काका: कशाला एवढी धावपळ? लोकअदालतीची वाट बघा, कमी करून मिळतं. मी तर चलनं साठवूनच ठेवतो.

काळा_कोट: काका, लोकअदालत म्हणजे तडजोड. चूक असेल त्याने जावं. ज्याची गाडी तिथे नव्हतीच, त्याने कशाची तडजोड करायची? आणि तिथल्या निवाड्यावर अपीलही नसतं.

द्वारकाला_अडकलेला: मला एक सांगा, 'माझी चूक नाही' असं कोण म्हणत नाही? १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्याकडे नो हेल्मेट, नो पेट्रोल सुरू झालं, तेव्हा पंपावर एकच हेल्मेट चार डोक्यांवरून फिरताना मी पाहिलंय. चलनाचे कॅमेरे पाहिजेतच. मला स्वतःला विकलेल्या बाईकची चलनं आली. आरटीओला चौदा दिवसांत फॉर्म २९, म्हणजे गाडी विकल्याची सूचना, द्यायचा असतो, मी दिला नव्हता. निमूट भरली.

इंदिरानगरवाला: तुमचा फॉर्म राहिला, माझं काय राहिलं? घराखाली उभ्या गाडीची शिक्षा मला का?

द्वारकाला_अडकलेला: बरं, फोटो खरंच तसा असेल तर तुमचं मान्य. साठवणाऱ्या काकांचं मात्र नाही.

नवीन_मेंबर: मला व्हॉट्सअ‍ॅपवर चलनाची फाइल आलीय, उघडू का?

सातपूर_शिफ्ट: अजिबात नको! ती एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवते, त्याने खातं रिकामं होतं. पत्ता स्वतः टाइप कर, शेवटी गव्ह डॉट इन आहे का ते बघ.

इंदिरानगरवाला: तक्रार टाकली. फोटो काढायला गाडी पुसली, तर आमच्याही प्लेटवर चिखल होता. बायकोने पाचशेची नोट फ्रीजवर चुंबकाखाली लावून ठेवलीय, 'फेटाळली तर शोधायला नको' म्हणून.