कमी बजेटच्या छोट्या गेमिंग पीसीत मिनी-आयटीएक्सचा हट्ट कशाला?

मोजपट्टी:

"छोटा गेमिंग पीसी असेंबल करायचाय, बजेट कमी आहे, काय काय घेऊ?" असं कुणी विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: मिनी-आयटीएक्स, म्हणजे लहान मापाचा मदरबोर्ड घ्या. माझं मत नेमकं उलट आहे. मुद्दे मांडतो, पटले नाहीत तर खोडून काढा.

मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० × १७० मिलिमीटरचा, त्याहून मोठ्या मापाचा मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ चा. क्षेत्रफळ निम्म्याहून कमी, पण किंमत जास्त, कारण तेवढ्याशा जागेत सगळं दाटीवाटीनं बसवावं लागतं. एवढं देऊन हातात येतं काय? बहुतेक बोर्डांवर रॅमचे २ स्लॉट आणि पीसीआय एक्स्प्रेसचा (ग्राफिक्स कार्ड लावायचा) १. पुढे तो बोर्ड ज्या छोट्या कॅबिनेटमध्ये जातो ते बहुधा एसएफएक्स या छोट्या मापाचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) मागतं (१२५ × १०० × ६३.५ मिमी), आणि तोही तेवढ्याच वॅटच्या साध्या एटीएक्स एसएमपीएसपेक्षा महाग. कॅबिनेट स्वतःही महाग. कूलर बुटका हवा असेल तर आणखी भर.

हे सगळे जादा पैसे एकत्र केले की ग्राफिक्स कार्डाची एक अख्खी पायरी त्यात जाते. ८ जीबीऐवजी १२ जीबी मेमरीचं कार्ड घेता आलं असतं, ते राहतं. गेममध्ये फ्रेम्स देतं ते कार्ड. बोर्ड किती लहान आहे याच्याशी गेमला देणंघेणं नाही.

म्हणून माझी निवड: रायझन ५ ५६०० किंवा कोअर आय५-१२४००एफ (दोन्ही प्रोसेसर ६ कोअर, १२ थ्रेडचे), साधा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, १६ जीबी रॅम पण ८-८ च्या दोन स्टिक, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस आणि आसुस प्राइम एपी२०१ सारखं ३३ लिटरचं कॅबिनेट. उरलेलं सगळं ग्राफिक्स कार्डात.

सुटसुटीत:

असहमत. ३३ लिटरला "छोटा" म्हणायचं असेल तर मग मोठा कशाला म्हणायचं?

कूलर मास्टरचं एनआर२०० सुमारे १८ लिटरचं आहे. म्हणजे तुमच्या कॅबिनेटच्या जवळपास निम्मं. त्यात उंच टॉवर कूलर बसतो, लांब ग्राफिक्स कार्ड बसतं, रायझर केबल (कार्ड बोर्डापासून दूर बसवायची जोडवायर) लागत नाही. तुम्ही जी बुटक्या कूलरची भर दाखवलीत ती १० लिटरच्या कॅबिनेटची गोष्ट आहे. थर्मलराइटचा असॅसिन एक्स १२० एसई १४८ मिमी उंच, स्वस्त आणि एनआर२०० मध्ये निवांत बसणारा.

दुसरं, पैसे कुठे "जातात" ते बघा. प्रोसेसर जुना होतो, कार्ड जुनं होतं, पण कॅबिनेट आणि चांगला एसएफएक्स एसएमपीएस पुढच्या दोन-तीन असेंब्लीत चालतो. उद्या मोठं कॅबिनेट घेतलं तरी एसएफएक्स एसएमपीएस अडॅप्टर पट्टी लावून त्यात बसवता येतो. एटीएक्स एसएमपीएस मात्र एसएफएक्सच्या जागी शिरत नाही. म्हणजे तो जादा खर्च एकदाच.

मी गेली काही वर्षं दुसऱ्यांबरोबर एका खोलीत राहतो. माझ्या वाट्याचं टेबल म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड आणि वर वीतभर जागा. अशा माणसाला "थोडा मोठा घे, स्वस्त पडेल" हा सल्ला कामाचा नाही. जागा हेसुद्धा बजेटच आहे.

मोजपट्टी:

शेवटचं वाक्य मान्य. पण लिटरचा आकडा फसवा असतो, मिलिमीटर बघा. एपी२०१ ची रुंदी २०५, एनआर२०० ची १८५. टेबलावर आडवी जागा खाण्यात फरक २ सेंटीमीटरचा. खरा फरक पुढून मागपर्यंतच्या खोलीत आहे (४६० विरुद्ध ३७६) आणि उंचीत. भिंतीपर्यंत खोल टेबल असेल तर एरवी जिथे धूळच बसते ती जागा जाते.

आणि पाठीवर टाकून नेण्याचं म्हणाल (तुम्ही म्हणाला नाहीत, पण बरेच जण म्हणतात), तर १८ लिटर तरी कुठे नेहमीच्या सॅकमध्ये मावतं? तिथे १० लिटरच्या आसपास यावं लागतं, आणि मग तुम्ही टाळलेलं सगळं परत येतं: रायझर, बुटका कूलर, निवडक मापाचं कार्ड. रायझरवरून आठवलं. कार्ड पीसीआय एक्स्प्रेस ४.० चं आणि रायझर ३.० चा (आधीच्या, निम्म्या वेगाच्या पिढीचा) असेल तर स्क्रीन काळी राहू शकते. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन स्लॉट हातानं जेन ३, म्हणजे ३.० वर आणावा लागतो. पहिल्यांदा असेंबल करणाऱ्याला हे माहीत नसतं. त्याला वाटतं, कार्डच मेलं.

वाऱ्याचीदिशा:

तुम्ही दोघं बोर्डावर भांडताय आणि एसएमपीएसला एका ओळीत उरकताय, हे मला खटकतं. छोट्या डब्यात सगळ्यात आधी विचार त्याचा करायला हवा.

आधी वॅट. आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स कार्डाची मर्यादा ११५ वॅट. रायझन ५ ५६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण तो ७६ पर्यंत ओढतो. बोर्ड, रॅम, एसएसडी, फॅन धरून चांगला ४५० वॅटचा एसएमपीएस या जोडीला पुरतो. कार्डाची कंपनी ५५० सुचवते, कारण लोक काय दर्जाचा एसएमपीएस लावतील याचा तिला भरवसा नसतो. ६५० आणि ७५० च्या मागे लागून बजेट उडवू नका, आणि नाव-गाव नसलेला "६०० वॅट" तर मुळीच नको.

आता केबल. मॉड्युलर (सुट्या निघणाऱ्या केबलच्या) एसएमपीएसच्या केबल एकमेकांत बदलू नका. एका टोकाला सॉकेट अगदी सारखं दिसतं, बसतंही, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कुठल्याही मानकात ठरलेली नाही. माझ्याकडे जुन्या एसएमपीएसची साटा (एसएसडीला वीज देणारी) केबल आधीच नीट ओढून बांधलेली होती, म्हणून नवा बसवताना ती तशीच ठेवली. चालू केलं आणि एसएसडी गेली. त्यात चार वर्षांचे फोटो होते. आजही ते आठवलं की पोटात कालवतं. नवीन एसएमपीएस म्हणजे खोक्यातल्या नव्या केबल.

बोर्डाबद्दल माझं मत तुमच्या मधलं. मायक्रो-एटीएक्स म्हणजे ३३ लिटरच असं कुठे आहे? जॉन्सबोचं झेड२० बघा: सुमारे २० लिटर, मायक्रो-एटीएक्स बोर्ड बसतो, फार लांब नसेल तर साधा एटीएक्स एसएमपीएसही बसतो, आणि वर उचलायला हँडल आहे.

जुनंतेचांगलं:

नवीन पार्टच का? ऑफिसांमधून निघालेले छोटे डेस्कटॉप स्वस्तात मिळतात. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट सगळं आयतं. फक्त अर्ध्या उंचीचं ग्राफिक्स कार्ड टाकायचं. आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीचा प्रकार ७० वॅटचा आहे, त्याला वेगळी वायर लागत नाही, स्लॉटमधून मिळणारे ७५ वॅट पुरतात. जागा कमी, आवाज कमी, खर्च कमी. तुमची दोघांचीही यादी मला अंथरुणाबाहेर पाय वाटते.

सुटसुटीत:

मी यातून गेलोय, म्हणून कळकळीनं सांगतो. तो डबा पहिल्या दिवशी स्वस्त असतो, दुसऱ्या वर्षी घोडं अडतं. बोर्डाचं माप त्या कंपनीचं, एसएमपीएसची वायर त्या कंपनीची, कधी कधी पुढचं बटणही. ७५ वॅटच्या वर जायचं म्हटलं की सगळंच बदलायचं.

आणि ३०५० ६ जीबी न परवडून लोक आरएक्स ६४०० कडे वळतात. ते ४ जीबीचं, शिवाय फक्त ४ लेनवर (स्लॉटमधल्या डेटाच्या वाटांवर) चालणारं. जुन्या ऑफिस पीसीत स्लॉट ३.० चा असतो, म्हणजे आधीच अरुंद रस्ता आणखी निम्मा. कार्डाची मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. माझ्या त्या डब्यातलं आज काहीही मी पुढे वापरू शकत नाही, एसएसडी सोडून.

जुनंतेचांगलं:

लेनचा मुद्दा बरोबर, ६४०० मीही सुचवणार नाही. पण "पुढे वापरता येईल" या आशेवर आज जास्त पैसे घालणंही सगळ्यांना जमत नाही. ज्याला जुने किंवा हलके गेम खेळायचेत, त्यानं दोन वर्षं त्या डब्यावर काढली तर त्यात काही वाया गेलं असं मला वाटत नाही.

पहिलाचपीसी:

मी हे सगळं नीट वाचतोय, कारण प्रश्न माझाच आहे. मॉनिटर १०८० पी आहे आणि तोच राहणार. अभ्यास आणि गेम दोन्ही. टेबलाखाली एक कप्पा आहे, पीसी तिथेच ठेवायचाय. दोन शंका. एक, इंटेलचं आर्क बी५८० कार्ड घेऊ का, १२ जीबी आहे म्हणून? दोन, एएमडीचं एएम४ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, ५६०० चं हेच) आता जुनं झालं, नव्या एएम५ वरच जावं का?

एकचचिप:

तिसरा रस्ता सांगतो. ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊच नका. रायझन ५ ८६००जी घ्या, त्यातल्या ग्राफिक्सवर १०८० पी ला कमी सेटिंगवर बरेच गेम चालतात. एएम५ वर पाय रोवला जातो, कार्ड पैसे साठले की. रॅम मात्र दोन स्टिकच हव्यात, कारण ते ग्राफिक्स रॅममधूनच काम करतं. एका स्टिकवर मेमरीची रुंदी निम्मी होते आणि फ्रेम्स लगेच पडतात. अजून एक: पुढे कार्ड लावायचं असेल तर स्वस्त ८५००जी टाळा, तो कार्डाला ४ च लेन देतो. ८६००जी ८ देतो.

मोजपट्टी:

एकचचिप यांचा सल्ला ज्यांचं कार्ड खरोखर लांबणीवर आहे त्यांच्यासाठी चांगला. पण सहा महिन्यांत कार्ड घेणारच असाल तर त्या चिपमधल्या ग्राफिक्सचे पैसे तुम्ही सहा महिन्यांसाठी मोजता. शिवाय तिची एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) १६ एमबी, आणि रायझन ५ ७६०० ची ३२. कार्ड लावल्यावर हा फरक दिसतो.

आता पहिलाचपीसी यांच्या शंका. बी५८० चांगलं कार्ड आहे, पण ते १९० वॅटचं, आणि रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू नसेल तर त्याची दशा होते. चालू असलं तरी त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून जास्त काम करून घेतो, त्यामुळे ५६०० बरोबर काही गेममध्ये ते मागे पडतं. ते घ्यायचं तर प्रोसेसर ७६०० च्या दर्जाचा हवा.

एएम४ की एएम५? एएम५ ला नवी डीडीआर५ रॅमच लागते, त्यामुळे बोर्ड आणि रॅम दोन्ही वर जातात. मी अजूनही म्हणेन, हात आखडता असेल तर ५६०० आणि डीडीआर४, आणि त्यावर आरटीएक्स ३०६० १२ जीबी किंवा आरएक्स ६६००. पण बोर्ड बी५५० चिपसेटचा घ्या, ए५२० चा नको. ए५२० वर पीसीआय एक्स्प्रेस ३.० च आहे, आणि ६६०० ८ लेनचं कार्ड आहे. एरवी फरक थोडा, पण त्याची ८ जीबी मेमरी भरली की हीच जागा दुखते.

सुटसुटीत:

इथे मात्र मी एएम५ म्हणेन. एएमडीनं ते सॉकेट २०२७ आणि पुढेही चालवण्याचं सांगितलंय. एएम४ वर आज बसलात तर पुढचा प्रोसेसर म्हणजे त्याच पिढीतला वरचा, बस. बोर्डाचे पैसे वाचवायचे म्हणून ज्या माणसानं मायक्रो-एटीएक्स सुचवला, त्यानंच दोन वर्षांत बदलावा लागेल असा बोर्ड सुचवावा?

मोजपट्टी:

दोन वर्षांत नाही. १०८० पी ला ५६०० आधी थकेल की ८ जीबीचं कार्ड, याचा विचार करा. माझ्या मते कार्ड. आणि कार्ड बदलायला सॉकेट लागत नाही.

वाऱ्याचीदिशा:

या वादाला अंत नाही, दोन्ही चालेल. पहिलाचपीसी, टेबलाखालच्या कप्प्याचं माप आधी सांगा. आतलं. आणि त्याला मागची फळी आहे का? कार्ड आणि प्रोसेसर मिळून १९०-२५० वॅट उष्णता सोडणार. बंद कप्प्यात तीच गरम हवा परत आत ओढली जाईल, मग कॅबिनेट कितीही जाळीदार घ्या.

पहिलाचपीसी:

मोजलं. आतली खोली ४३ सेंमी, रुंदी २७, उंची ४०. मागे फळी आहे, पण चार स्क्रूवर आहे, निघेल.

मोजपट्टी:

मग मी सुचवलेला एपी२०१ तुमच्यासाठी बाद. ४६ सेंमी खोल आहे तो, आत जाणारच नाही. झेड२० सुमारे ३७ सेंमी खोल आहे, मागे वायरी वळायला ५-६ सेंमी उरतात. बोर्ड मायक्रो-एटीएक्सच राहू द्या.

सुटसुटीत:

एनआर२०० ही तिथे जातो, एवढं नोंदवून ठेवतो. झेड२० घेतलात तर एटीएक्स एसएमपीएस पुढच्या बाजूला बसतो. कार्डाची लांबी त्याच्याशी ताडून बघा, आणि कार्डाच्या वायरीला वळायला वेगळी जागा धरा. कार्डाच्या मापात ती कधीच लिहिलेली नसते. मी तुमच्या जागी असतो तर दोन फॅनचं, २ स्लॉट जाडीचं कार्डच घेतलं असतं.

पहिलाचपीसी:

मागची फळी काढली. पुठ्ठ्याचं ३७ × १९ × ३० चं खोकं करून कप्प्यात ठेवलंय, पाय लागतो का ते दोन दिवस बघतो. ५६००, बी५५०, १६ जीबी हे पक्कं. कार्ड ६६०० की ३०६०, ते अजून ठरत नाहीये.