स्प्रे स्कर्ट लावलेली कयाक उलटली तर?

सांगलीकर: मंडळी, दोन वर्षं सिएटलजवळ पुजेट साउंड या समुद्राच्या खाडीत कयाक चालवतोय, उघड्या कॉकपिटने (म्हणजे बसायच्या जागेवर झाकण न लावता). आता निओप्रीनचा (रबरी कापडाचा) स्प्रे स्कर्ट आणला; तो कंबरेला घालून कॉकपिटच्या कडेवर ताणून बसवायचा, म्हणजे आत पाणी येत नाही. (घरी "स्कर्ट घेतलाय" म्हटल्यावर बायकोचा चेहरा बघण्यासारखा होता.) गॅरेजमध्ये लावून पाहिला. मागून बसवला की पुढून सुटतो. एकदाचा बसला, तर उठता येईना! पोहायला कृष्णेत शिकलोय, पाण्याची भीती नाही. पण डोकं खाली आणि पाय आत, हा विचार झोपू देत नाही.

जुनं वल्हं: पोहणं नंतर, आधी बाहेर पडता आलं पाहिजे. निओप्रीन भिजवून लावा, कोरडं ताणत नाही. मागून सुरुवात करा, बाजू कोपरांनी दाबून धरा, मग पुढे ओढा. आणि पुढचा लूप, म्हणजे स्कर्ट सोडवायला ओढायचा पट्टा, बाहेर राहिलाय ना, हे हाताने ओढून बघा. मी एकदा तो आत दाबून निघालो होतो. सोबत्याने काठावरच अडवलं म्हणून बरं.

उलटलात तर कपाळ डेककडे (बोटीच्या वरच्या बाजूकडे) न्या. बोटीच्या तळावर तीन थापा मारा; सोबत्यांना कळतं, आणि तेवढ्यात आपलंही डोकं थाऱ्यावर येतं. मग हात कॉकपिटच्या कडेने पुढे. लूप आधी बोटीच्या टोकाकडे ढकला, मग डेकपासून लांब ओढा. थेट पोटाकडे ओढलात तर कड सुटत नाही, इथेच बहुतेक जण चुकतात. मग कंबरेपाशी कडेवर हात रेटून, पँट उतरवतो तसे पाय बाहेर काढा.

सांगलीकर: आणि लूप सापडलाच नाही तर?

जुनं वल्हं: कंबरेजवळ स्कर्टची कड चिमटीत धरून बाजूला खेचा, किंवा गुडघा वर रेटा. घट्ट निओप्रीनला जोर लागतो, म्हणून हेही करून बघायचं.

किनारा: सराव स्विमिंग पूलमध्येच करा. आधी स्कर्टशिवाय, मग नायलॉनचा ढिला, शेवटी हा. शेजारी कमरेएवढ्या पाण्यात कुणीतरी उभं हवं. साउंडचं पाणी १० अंशांच्या आसपास असतं, पहिल्या क्षणीच श्वास अडकतो. हातमोजे घालत असाल तर लूपला भोकांचा प्लास्टिकचा चेंडू बांधा.

सांगलीकर: काल पूलमध्ये चारदा उलटलो. पहिल्यांदा थापाबिपा सगळं विसरलो, नुसता धडपडलो. चौथ्यांदा डोळे मिटून लूप सापडला. चेंडू बांधलाय, मुलीचा पळवून.