आठवीतल्या मुलीच्या भाषणासाठी ऐतिहासिक व्यक्ती सुचवा (शिवाजी महाराज, टिळक, सावित्रीबाई सोडून)

कोथरूडकर_बाबा
मंडळी, मदत हवी आहे. लेक आठवीत. इतिहासाच्या बाईंनी सात मिनिटांचं भाषण दिलंय: एक व्यक्ती, तिचं आयुष्य आणि तिचं आज काय उरलंय. अटी दोन. शीर्षकातली तीन नावं घ्यायची नाहीत, कारण दरवर्षी अर्धा वर्ग तीच घेतो आणि बाईंना ती भाषणं पाठ झालीत. दुसरी अट म्हणजे स्वतः जाऊन पाहिलेलं काहीतरी भाषणात आलंच पाहिजे. नेटवरचा फोटो चालणार नाही.
आम्ही पुण्यात राहतो. हातात एकच रविवार आहे. मी आनंदीबाई जोशी सुचवल्या, तर लेक म्हणे, "त्यांच्यावर सिरियल झाली बाबा." कोण घेऊ?

अनामिका_७
रखमाबाई राऊत! डोळे मिटून घ्या. अकराव्या वर्षी लग्न, पण त्या आईकडेच राहिल्या, शिकल्या. १८८४ साली नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, "बायको नांदायला पाठवा" म्हणून मुंबईत दावा लावला. १८८५ ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलानंतर १८८७ मध्ये फिरून निकाल आला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने पिच्छा सोडला. मग रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि सुरतेत वर्षानुवर्षं रुग्ण तपासले. १९५५ पर्यंत जगल्या.
आठवीतल्या मुलीला कोर्टाची गोष्ट सांगायला मजा येईल. आणि टिळकांच्या केसरीची बाजू रखमाबाईंच्या विरोधात होती, हेही तिला या निमित्ताने कळू दे.

स्वल्पविराम
+१. फक्त "भारतातली पहिली महिला डॉक्टर" असलं काही भाषणात घालू नका, हात जोडून विनंती. आनंदीबाई आणि बंगालच्या कादंबिनी गांगुली, दोघीही १८८६ सालीच डॉक्टर झालेल्या. आनंदीबाई परत आल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या, बावीसही पूर्ण नव्हती. कोल्हापूरच्या दवाखान्यातली जागा मिळाली होती, पण रुजू होणं नशिबात नव्हतं. "पहिली कोण" या वादात माणसं हरवतात.

कोथरूडकर_बाबा
रखमाबाई लेकीला फार आवडल्या. अडचण एकच, पुण्यात पाहायला काय न्यायचं?

जुनी_पेटी
इतिहासाचार्य राजवाडे घ्या. भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे, १९१० चं. माणूस गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं गोळा करत हिंडला आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले.

स्वल्पविराम
सात मिनिटांत राजवाडे? सात मिनिटांत त्यांची एक प्रस्तावना वाचून होत नाही.

घाटवाट
पंडिता रमाबाई. दौंडच्या गाडीने केडगावला उतरा, त्यांचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. संस्कृत पंडिता, नंतर ख्रिस्ती झाल्या, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. धर्मांतरामुळे आपल्याकडे त्यांच्याबद्दल बोलताना लोक अजून घसा खाकरतात, म्हणून तर घ्यायलाच हव्यात. मात्र आधी फोन करून जा, ती राहती संस्था आहे.

मंडईतला_म्हातारा
बाबा, तुम्ही कोथरूडला राहता ना? मग केडगाव कशाला, सुरत कशाला? घरातून बाहेर पडून कोणत्या रस्त्याला लागता ते आधी सांगा.

कोथरूडकर_बाबा
कर्वे रोड. 😄 पटलं. काखेत कळसा.
पण खरं सांगतो, माझ्या लेकीला कर्वे म्हणजे एक पुतळा वाटतो. "कर्वे पुतळ्यापाशी उतर", "कर्वे पुतळ्याला भेट", एवढाच संबंध. महर्षी कर्व्यांवर भाषण म्हणजे "जन्म शेरवलीला, १९५८ ला भारतरत्न, १०४ वर्षं जगले, धन्यवाद" असं होणार. सात मिनिटं कशी भरायची?

मंडईतला_म्हातारा
त्यांचे पाय घ्या. मी गंमत करत नाही.
हा माणूस आयुष्यभर चालला. १८७५ साली मुरुडहून, दापोलीजवळच्या, साताऱ्याला सहावीच्या परीक्षेला निघाला. पावसाचे दिवस, कुंभार्ली घाट, सगळं पायी. तिथे पोचल्यावर साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, हा सतरा वर्षांचा दिसत नाही, बसू देत नाही. झालं, आल्या पावली परत. तुमच्या लेकीला विचारा, असं झालं तर ती काय करेल.
आता दुसरं चालणं. १८९१ पासून ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. टिळकांनी कॉलेज सोडलं, त्यांच्या जागी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी यांना बोलावलं. १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, पेठेत. प्लेग आला तसा तो १९०० साली हिंगण्याला हलवला, म्हणजे आजचं कर्वेनगर. तेव्हा ते माळरान होतं. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी सहा एकर जागा दिली, तिथे पहिली झोपडी बांधली. आणि हा प्राध्यापक हिंगणे ते फर्ग्युसन रोज पायी, जाऊन येऊन. कॉलेज सुटलं की पुन्हा माळावर, मुलींना शिकवायला.
ती झोपडी जपून ठेवली आहे. तिथून फर्ग्युसनपर्यंत चालत जा. बाईंना "पाहिलेलं" हवंय ना, तुम्ही चाललेलं द्या.

अनामिका_७
काका, हे भारी आहे. माझी रखमाबाई मी मागे घेते. (नाराजीने.)
पण मग बाया कर्व्यांना विसरू नका. गोदूबाई, बालविधवा, रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. म्हणजे घाटवाट यांच्या केडगावशी धागा जुळला बघा. मार्च १८९३ मध्ये कर्व्यांनी त्यांच्याशी लग्न केलं आणि मुरुडला बहिष्कार पडला. कर्व्यांचं 'आत्मवृत्त' आहेच, पण बायांचं 'माझे पुराण' आधी वाचा. महर्षींच्या घरात पैसा कसा पुरत नव्हता ते महर्षी सांगत नाहीत, बाया सांगतात.

तिरकस
आरती चालू आहे म्हणून एक खडा टाकतो. कर्व्यांनी स्वतः विधवेशी लग्न केलं, पण आश्रमात पुनर्विवाहाचा विषय काढू दिला नाही. निव्वळ शिक्षण. आणि सुरुवातीचा आश्रम ब्राह्मण विधवांपुरताच होता. हेही भाषणात येऊ द्या.

मंडईतला_म्हातारा
येऊ द्या की. पुनर्विवाहाचं नाव काढलं असतं तर त्या काळी एकाही बापाने मुलगी पाठवली नसती आणि वर्गणीही आटली असती, हा त्यांचा हिशोब. तो पटो न पटो, मांडावा. जातीबद्दलची तुमची टीका मला मान्य आहे. त्याच माणसाने १९४४ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी समता संघ काढला, हेही शेजारी ठेवा म्हणजे झालं.

तिरकस
आणि र. धों.? बापाचा खरा वारसा तर त्या मुलाने चालवला. 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ ते १९५३, खटले, दंड, आणि १९३४ च्या खटल्यात वकील कोण, तर डॉ. आंबेडकर!

कोथरूडकर_बाबा
तिरकस, लेक आठवीत आहे आणि विषय संततिनियमनाचा. बाई मला शाळेत बोलावतील. दहावीनंतर नक्की.

कोथरूडकर_बाबा (नऊ दिवसांनी)
अपडेट देतो. रविवारी सकाळी गेलो. गेटवर कशासाठी आलात ते सांगितलं, आत सोडलं. लेकीने झोपडीसमोर बसून वहीत पेन्सिलीने चित्र काढलं, वीस मिनिटं, एरवी ती वीस मिनिटं एका जागी बसत नाही. मग चालायला लागलो. कर्वे रोडला फूटपाथ आहे तिथे फूटपाथवरून, नाही तिथे स्कूटर चुकवत. डोक्यावर मेट्रो. नळस्टॉपला लेक म्हणाली, "त्यांना उड्डाणपूल नव्हता म्हणजे सावलीपण नव्हती." फर्ग्युसनच्या गेटपर्यंत सव्वा तास लागला, तिच्या मोबाइलवर साडेसात हजार पावलं. मी म्हटलं चल, आता परत. ती पायरीवर बसली आणि बूट काढला. टाचेला फोड. परत रिक्षाने आलो.
भाषणाचं पहिलं वाक्य तिनेच लिहिलंय: "मी महर्षी कर्व्यांच्या निम्मं चालले आणि रिक्षा केली."
आता शेवटची मदत. भाषण सव्वानऊ मिनिटांचं झालंय. सातवर आणायचं आहे. कुंभार्ली घाट काढू की कर्व्यांचं १९१६ चं महिला विद्यापीठ? मराठीतून शिक्षण, ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी, हे सगळं त्यात आहे.

स्वल्पविराम
दोन्ही ठेवा. जन्मगाव, पदव्या आणि पुरस्कारांचा परिच्छेद उडवा. दीड मिनिट तिथेच सुटेल.

मंडईतला_म्हातारा
तिरकसांचा खडा मात्र काढू नका. आणि फोडाला खोबरेल लावा.