एएसओ आणि तीव्रता

एएसओ (स्ट्रेप्टोकोकस जंतूविरुद्धची प्रतिपिंडं मोजणारी रक्ततपासणी) जितका जास्त तितका संधिवाताचा ताप (रुमॅटिक फीवर, म्हणजे या जंतूमुळे घसा दुखून गेल्यावर मुलांना होणारा, सांधे आणि हृदयाला त्रास देणारा आजार) गंभीर, हे बरोबर नाही. एएसओ फक्त स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होऊन गेल्याचं सांगतो. घसादुखीनंतर ३ ते ५ आठवड्यांत तो शिखराला पोचतो. दाह किती, हे सीआरपी (दाहात वाढणारं रक्तातलं प्रथिन) आणि ईएसआर (रक्तातल्या लाल पेशी खाली बसण्याचा वेग) या तपासण्या सांगतात. पण ईएसआर फसवतो: रक्तक्षय असेल तर उगाच वाढतो, आणि हृदय निकामी होऊ लागलं की उलट खाली येतो. म्हणजे मूल जास्त आजारी आणि रिपोर्ट मात्र बरा! अशा वेळी सीआरपी जास्त भरवशाचा. त्याचं एकक नीट बघा, ३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ३० मिलिग्रॅम प्रति लिटर. इथे हमखास घोळ होतो. नुसता कोरिया (या आजारात हातापायांच्या आपोआप होणाऱ्या झटकेदार हालचाली) असेल तर सीआरपी आणि ईएसआर दोन्ही नॉर्मल असू शकतात. अ‍ॅस्पिरिन किंवा स्टेरॉइड थांबवल्यावर आकडे पुन्हा थोडे चढू शकतात. हृदयाच्या झडपांना किती इजा झाली, ते मात्र इकोतच (हृदयाच्या सोनोग्राफीतच) कळतं.