गोव्याची गाडी अडली, डुकरांची वाढ खाद्यातून आवरता येईल का?

हातकणंगले_वराहपालन
यॉर्कशायर जातीची 40 डुकरं, वजन 80 ते 85 किलो. पावसानं घाट बंद, त्यामुळे गोव्याचा व्यापारी चार आठवडे तरी गाडी पाठवणार नाही. त्याला 90 किलोच्या आसपासचा माल लागतो, 100 च्या वर गेला की दर पाडतो. सध्याचं खाद्य 100 किलोला असं: मका 60, सोया पेंड 20, गव्हाचा कोंडा 17.5, मिनरल मिक्श्चर 2, मीठ अर्धा किलो. रोजचं खाद्य निम्म्यावर आणलं तर चालेल का?

पशुआहार_कागल
निम्मं अजिबात करू नका, भाऊ. भुकेली डुकरं गव्हाणीवर मारामारी करतात, कान-शेपट्या चावतात. दांडगी पोटभर खातात आणि बारकी मागं पडतात, म्हणजे गाडी येईल तेव्हा 80 चा आणि 105 चा माल एकाच खोलीत. शिवाय पोट रिकामं राहिलं की जठरात व्रण होतात. पाणी तर कधीच तोडायचं नाही, मिठाची विषबाधा होऊन जनावर दगावतं.

गव्हाण भरलेली ठेवा आणि खाद्यातलं लायसीन, म्हणजे प्रथिनातला एक घटक, उतरवा. मांस चढायला डुकराला सगळ्यात आधी तेच कमी पडतं. सोया पेंडीत ते सुमारे 2.8 टक्के असतं, मक्यात जेमतेम पाव टक्का. म्हणून पेंड पूर्ण काढायची. 100 किलोला मका 82, सोयाबीनची टरफलं 15, मिनरल मिक्श्चर दीड, चुनखडी पावडर 1, मीठ अर्धा. टरफलं मिळाली नाहीत तर मका 67 आणि गव्हाचा कोंडा 30, बाकी तेच. या मिश्रणात लायसीन जरा जास्त, त्यामुळे ब्रेक थोडा हलका लागतो.

बदल चार दिवसांत करा, रोज पाव भाग नवं. एकदम टरफलं घातली की हगवण लागते. मिनरल आणि मीठ मात्र याहून कमी करू नका. मीठ कमी पडलं की शेपट्या चावणं वाढतं, आणि चुनखडी वगळली तर पाय कमजोर होतात.

भुदरगड_मिल
कोंड्याबाबत एक महत्त्वाचं. भातगिरणीतला तेलकट कोंडा वाढ रोखायला घालू नका. त्यात 12 ते 15 टक्के तेल असतं, म्हणजे ताकद वाढते आणि नुसती चरबी चढते. पावसाळी हवेत तो आठवड्याभरात खवट होतो तो वेगळाच. तेल काढलेला कोंडा चालेल. भाताचं तूस नको, त्यात सिलिका असते आणि आतड्याला त्रास होतो.

दुसरं, आता मक्याचं प्रमाण वाढणार, तेव्हा बुरशी बघूनच पोती घ्या. 14 टक्क्यांच्या वर ओलावा असलेला मका पावसाळ्यात टिकत नाही. वाढ कमी करायचीच आहे म्हणून बुरशीचा स्वस्त मका चालवायचा, हा विचार घातक आहे. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन या विषानं यकृत जातं, ते परत येत नाही.

हातकणंगले_वराहपालन
कॅल्शियम क्लोराईडनं भूक मरते असं वाचलं. ते घालू का? आणि पेंड परत कधी सुरू करायची?

पशुआहार_कागल
निर्जल कॅल्शियम क्लोराईड 3 टक्क्यांच्या आसपास घातलं की खाणं खरंच झपाट्यानं घटतं. पण त्यानं रक्तात आम्लता वाढते, आणि आपल्याकडच्या जुलैच्या हवेत ते पाणी ओढून घेतं, मिक्सरमध्ये ढेकळं होतात. एखाद्या डुकराच्या वाट्याला ढेकूळ आलं तर तेच आजारी पडेल. पशुवैद्य रोज बघणार असेल तरच तो मार्ग. चार आठवड्यांसाठी पेंड काढणं पुरेसं आहे.

तुमची डुकरं मोठी आहेत. 50-60 किलोच्या डुकरावर पेंड काढल्याचा परिणाम जास्त होतो, 85 च्या वर लायसीनची गरजच कमी असल्यानं तो थोडा कमी दिसेल. म्हणून टरफलं सोडू नका. दर आठवड्याला प्रत्येक खोलीतली तीच पाच डुकरं तोला. रोजची वाढ 350 ते 400 ग्रॅमवर आली तर गणित बसलं. अजून 600 असेल तर मका 5 किलो कमी करून टरफलं 5 वाढवा.

गाडीची तारीख पक्की झाली की दहा दिवस आधी जुन्या मिश्रणावर या. रोखलेलं डुक्कर पेंड मिळताच नेहमीपेक्षा वेगानं वाढतं, त्यामुळे त्याआधी सुरू केलं तर 100 ओलांडेल. टरफलांनी पोट भरलेलं राहतं, म्हणून कत्तलीनंतर मांसाचा उतारा थोडा कमी येतो. व्यापाऱ्याला हे आधीच सांगा. आणि गाभण माद्या, पिल्लं यांना हे मिश्रण चुकूनही घालू नका, त्यांची पोती वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवून ठेवा.