थंडीत गाडी चालू ठेवून घरात जाता का? चोरीची भीती वाटतेय

पहाटेची_ड्युटी:
सकाळी सहाला निघावं लागतं आणि काचेवर बर्फाचा थर असतो, म्हणून मी गाडी स्टार्ट करून हीटर फुल करते आणि घरात येऊन मुलीचं आवरते, दहा-पंधरा मिनिटं गाडी तशीच गुरगुरत असते. काल शेजारच्यांची गाडी अशीच गेली, ते फक्त बूट घालायला आत आले होते. माझी बटण स्टार्ट आहे आणि चावी माझ्या पर्समध्येच असते, मग चोर नेऊ शकणार नाही ना? आणि इंजिनला खरंच इतका वेळ लागतो का?

पाना_पकड:
ताई, चावी पर्समध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बटणवाल्या गाडीचं इंजिन एकदा चालू झालं की चावी लांब गेली तरी सहसा बंद पडत नाही, नुसती बीप वाजते आणि चावी सापडत नाही असा मेसेज येतो. भर रस्त्यात इंजिन बंद पडून अपघात होऊ नये म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. म्हणजे चोराने मध्ये कुठे बंद केली नाही तर पेट्रोल संपेपर्यंत तो ती पळवू शकतो. कंपनीचा रिमोट स्टार्ट, म्हणजे लांबूनच इंजिन चालू करायची सोय, असेल तर गोष्ट वेगळी, त्यात दारं लॉक राहतात आणि चावी आत नसताना गाडी हलवायला गेलं की बहुतेक गाड्यांत इंजिन बंद होतं.

जुना_चोक:
पंधरा मिनिटं हा कार्बोरेटरच्या (जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) काळातला हिशोब आहे, तेव्हा चोक ओढून, म्हणजे हवा कमी करून, थांबावंच लागायचं. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणाऱ्या आजकालच्या गाडीला अर्धा ते एक मिनिट पुरे, तेवढ्यात ऑइल फिरतं, मग पहिले काही किलोमीटर हळू चालवा, जोरात रेस करू नका. उभ्या गाडीत इंजिन फार सावकाश तापतं आणि थंड इंजिनला पेट्रोल जास्त जातं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. कडाक्याची थंडी असेल, उणे पंधरा-वीस वगैरे, तर ब्लॉक हीटर बसवा, तो विजेवर कूलंट (इंजिनभोवती फिरणारं पाणी) गरम ठेवतो, गाडी चालू ठेवायची गरजच नाही.

काळजीवाहू:
कळकळीने सांगते, मुलीला आधी मागच्या सीटवर बसवून काहीतरी आणायला आत जाऊ नका. चोर मागे बघत नाही, गाडीबरोबर मूलही जातं. चावी गाडीत सोडली असेल तर इन्शुरन्सवालेही क्लेम नाकारू शकतात, पॉलिसी वाचून बघा. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये तर नियम 123 आहे, रस्त्यावर गाडी चालू ठेवून तिला सोडून जायचंच नाही. आणि गॅरेजमध्ये चालू ठेवत असाल तर शटर उघडं असलं तरी नको, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पहाटेची_ड्युटी:
बटणाचं खरंच माहीत नव्हतं, अंगावर काटा आला. पण काचेवरच्या बर्फाचं काय करू?

पाना_पकड:
रात्री पुढच्या काचेवर कव्हर टाका, सकाळी ओढून काढलं की काच मोकळी. तरी राहिलाच तर स्क्रॅपरने खरवडा, तेव्हा इंजिन चालू असलं तरी चालेल कारण तुम्ही गाडीपाशीच असता, फक्त चावी खिशात ठेवा. गरम पाणी अजिबात ओतू नका, काच तडकू शकते. आणि रात्री गाडी बंद करण्याआधी वायपर बंद केलेत ना बघा, गोठलेले असताना स्टार्ट केलं की मोटर जळू शकते.