कॉफीसाठी मातीत जिरणारं पाकीट: पावसाळ्यात टिकेल असं काही आहे का?

प्रश्न: गाविलगडची कॉफीवाली

नमस्कार. मी चिखलदऱ्याच्या खालच्या अंगाला एका गावात राहते. वरच्या बागांमधली कॉफी घेऊन घरीच भाजते, महिन्याला १५-२० किलो. अर्धी पर्यटकांना स्टॉलवर विकते, अर्धी कुरियरनं नागपूर-पुण्याला जाते.

आतापर्यंत आतून चांदीसारखी, व्हॉल्व्हवाली पाकिटं वापरत होते. कॉफी त्यात मस्त राहते. पण मागच्या श्रावणात पॉइंटजवळच्या नालीत एक गाय पाकीट चघळताना दिसली. त्यावर माझंच लेबल होतं. तिच्या तोंडातून ओढून काढलं, पण रात्रभर झोप लागली नाही. तेव्हापासून दुसरं काहीतरी शोधून राहिली आहे.

ऑनलाइन ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली ५०० खाकी पाकिटं मागवली, दुपटीहून जास्त भावानं. आमच्याकडे जुलैत धुकं घरात शिरतं, मिठाला पाणी सुटतं. तीन आठवड्यांत कॉफीचा वास उतरला, दळलेलीचे तर गोळे झाले. दहा रिकामी पाकिटं उकिरड्यात पुरली होती. सात महिन्यांनी खत उपसलं तर वरचा कागद गेलेला आणि आतली पारदर्शक पिशवी जशीच्या तशी. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, “ताई, तुमचा खड्डाच बरोबर नसेल.” खरंच खड्ड्याचा दोष आहे का? आणि माझ्याएवढ्या धंद्यानं घ्यावं तरी काय?

उत्तर: कुटारवाला, दर्यापूर

ताई, खड्ड्याला बोल लावू नका. आतली पिशवी बहुतेक पीएलएची, म्हणजे वनस्पतींपासून बनवलेल्या प्लास्टिकची असेल. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनते म्हणून लोकांना वाटतं पाल्यासारखी कुजेल. तसं होत नाही. तिला आठवडेच्या आठवडे ५८ अंशांच्या आसपास उष्णता लागते, सोबत ओल आणि हवा. हे मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात जमतं. आपण उकिरड्यावर रोज दोन टोपली शेण टाकतो, तो ढीग कधी तापतच नाही. मी शेण, हिरवा पाला आणि तुरीचं कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) एकदम रचून ढीग लावतो, थर्मामीटर खुपसून पाहतो. आत ६० पर्यंत जातं, पण आठ-दहा दिवसांत उतरू लागतं. आणि वऱ्हाडातला ४५ अंशांचा मे कामाचा नाही, कोरड्यात काही कुजत नाही.

ती पिशवी साधं पॉलिथीनही असू शकते, डोळ्यांनी ओळखू येत नाही. म्हणून पुढच्या वेळी विक्रेत्याकडून दोन कागद मागा: आयएस/आयएसओ १७०८८ या कंपोस्टेबल प्लास्टिकच्या मानकाचा चाचणी अहवाल आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र. त्यातही हे मानक मोठ्या प्रकल्पातल्या कंपोस्टचं आहे, घरच्या खड्ड्याचं नाही. ‘होम कंपोस्टेबल’ वेगळं विचारा. नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ छापलेलं असेल तर पैसे देऊच नका.

उत्तर: अमरावतीचा कॅफेवाला

मी उलट बाजूनं सांगतो. ताजी भाजलेली कॉफी कार्बन डायऑक्साइड सोडते, व्हॉल्व्ह त्यासाठीच असतो. आणि हवेतला ऑक्सिजन, ओल, उजेड हे तिचे वैरी. तिघांनाही थोपवायला ॲल्युमिनियमच्या थराइतकं भरवशाचं दुसरं काही कागदी पाकिटात मी तरी पाहिलं नाही. लाकडाच्या लगद्याची सेल्युलोज फिल्म मिळते, मातीतही जाते, पण दमट हवेत तिचा अडसर ढिला पडतो. तुमच्या जुलैत तिची परीक्षाच आहे.

म्हणून माझं मत: स्टॉलवर पाकीटच नको. मी ठरलेल्या गिऱ्हाइकांना काचेच्या बरणीत देतो, ३० रुपये अनामत घेतो, बरणी आणली की परत करतो. भाजल्या दिवशी झाकण घट्ट लावू नका, एक-दोन दिवस गॅस निघू द्या. आणि दळून विकणं कमी करा, दाणा जास्त टिकतो.

उत्तर: कुटारवाला, दर्यापूर

बरणी चांगली, पण घाटातून काच नेणार कोण? स्टीलचा डबा पाहा.

प्रश्नकर्ती: गाविलगडची कॉफीवाली

दोघांचेही मनापासून आभार. खड्ड्याबद्दल ऐकून जीव हलका झाला, इतके दिवस मी स्वतःलाच दोष देत होते.

आता असं ठरवलंय. स्टॉलवर पर्यटकाला त्याच आठवड्यात भाजलेला दाणा, १०० ग्रॅमच, साध्या कागदी पुड्यात, आत कुठलाच थर नाही. “आठ दिवसांत संपवा” असं मोठ्या अक्षरांत लिहीन. पावसाळ्याचे दोन महिने मात्र पुडा बंद, फक्त डबा. परतवाडा आणि अमरावतीच्या गिऱ्हाइकांना स्टीलचा डबा अनामतीवर. कुरियरची कॉफी अजून जुन्याच चांदीच्या पाकिटात जाईल, हे मनाला टोचतं, पण विटलेली कॉफी पुण्यापर्यंत पाठवणं म्हणजे बाग आणि मेहनत दोन्ही वाया. ती रिकामी पाकिटं माझ्याकडे परत पाठवली तर पुढच्या खरेदीत २० रुपये कमी करीन. निदान ती नालीत जाणार नाहीत.

पुड्यावर परवाना क्रमांक, वजन आणि पॅकिंगची तारीख छापावी लागते, त्याचा शिक्का अमरावतीतच करून घेईन. कॅफेवाले दादा, एकच विचारायचं होतं: अनामतीचा हिशेब वहीत ठेवता की बरणीलाच नंबर टाकता? आणि झाकणाचा रबर किती दिवसांनी बदलता?